कंपनी गेली, माती राहिली!

कोलाडला राफ्टिंग करून आला नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलवर शोधून सापडणार नाही. पहाटे उठायचं (जे एरवी पहिल्या लेक्चरला जमत नाही), लाइफ जॅकेट चढवायचं, तासभर बोटीत आरडाओरडा करायचा आणि दुपारी जेवून परत. पण हे राफ्टिंग सकाळीच का असतं, असं कुणी विचारलंय का?

उत्तर घाटावर आहे. मुळशीला मुळा नदीवर टाटांनी धरण बांधलं. हेच ते धरण, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. त्या तलावाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी कुंडलिकेत सुटतं आणि त्या पाण्यावर आपली बोट चालते. म्हणजे भर उन्हाळ्यातही कोलाडला नदी वाहते ती एका उद्योगामुळे. उद्योग आणि नदी यांचं नातं नेहमीच वाईट असतं असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपण कोलाडहून परततो, नदी मात्र पुढे जाते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना पाणी देते, मग रोह्याच्या वाटेवर धाटावची एम.आय.डी.सी. लागते, मग रोहा, मग खाडी आणि शेवटी रेवदंड्याला समुद्र. धाटाव हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. परिसरातल्या हजारो घरांच्या चुली त्याच्यावर पेटतात. आपल्यापैकीही अनेकजण पास झाल्यावर धाटाव, महाड, पाताळगंगा, तळोजा अशा ठिकाणीच चिकटणार आहेत. म्हणून प्रश्न असा : रसायनं बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी कुठून सुरू होते आणि कुठे संपते? माझ्या मते ती गेटपाशी संपत नाही आणि कंपनी बंद पडली तरी संपत नाही. कसं, ते बघू.

पाणी दिसतं, माती दिसत नाही

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेसाळलेली नदी किंवा काळा धूर येतो. दोन्ही दिसतात, दोन्हींचा वास येतो, मेलेले मासे वर आले की पेपरात फोटो येतो. जमिनीचं तसं नसतं. एखाद्या टाकीच्या तळाला बारीक भोक पडलं, थेंब थेंब गळत राहिलं, तर वरून काहीच कळत नाही. पाच-दहा वर्षांनी शेजारच्या गावातल्या विहिरीच्या पाण्याला वेगळी चव येते तेव्हा पहिली शंका येते. तोपर्यंत गळती कधी सुरू झाली हे सांगणारा ऑपरेटर रिटायर झालेला असतो.

आपल्या कोकणात हे काम पाऊस आणखी जोरात करतो. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरती माती आणि मुरूम, खाली भेगा पडलेला काळा पाषाण. पाणी मुरमातून उतरतं आणि पाषाणाच्या भेगांतून वाट काढतं. वाळूत पाणी सगळीकडे सारखं झिरपतं, भेगांत तसं होत नाही. त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि अर्धा किलोमीटरवरची बिघडलेली, असंही होऊ शकतं.

रसायनांचेही स्वभाव असतात. बेंझीन, टोल्युइन पाण्यापेक्षा हलके, ते भूजलाच्या पातळीवर तरंगतात. मिथिलीन डायक्लोराइडसारखे क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड, ते पाण्यातून खाली जाऊन तळाशी बसतात आणि वर्षानुवर्षं थोडे थोडे विरघळत राहतात. शिसं, क्रोमियम, पारा यांसारख्या धातूंचं तर विघटनच होत नाही. ते जागा किंवा रूप बदलतात, नाहीसे होत नाहीत.

एक छोटा हिशोब करू. पिण्याच्या पाण्यात बेंझीन किती चालेल याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो बेंझीन किती पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं? एक किलो म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. भागिले ०.०१. उत्तर दहा कोटी लिटर! दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. आणि २०० लिटरच्या एका ड्रममध्ये बेंझीन असतं सुमारे पावणेदोनशे किलो. प्रत्यक्षात सगळं बेंझीन पाण्यात जात नाही, काही उडून जातं, काही जिवाणू खातात. पण एक ड्रम कलंडला तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून वरून पाण्याचा पाइप मारणं किती महागात पडू शकतं, ते यावरून लक्षात येईल.

बिछडीचा धडा

आपल्या देशात या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा खटला राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘एच-ॲसिड’ बनवणारे कारखाने सुरू झाले. एच-ॲसिड हे रंग बनवण्यासाठी लागणारं मधलं रसायन. कारखाना चालला थोडेच महिने, माल निघाला जेमतेम ३७५ टन. पण त्यामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ तयार झाला. तो गाळ उघड्यावर, आवारात टाकला गेला. पावसाच्या पाण्याबरोबर तो जमिनीत उतरला, विहिरींचं पाणी लालसर-तपकिरी झालं, माणसांना आणि गुरांना ते पिता येईना.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ज्याने घाण केली त्यानेच साफ करायची आणि खर्चही त्यानेच द्यायचा. यालाच ‘प्रदूषण करणारा भरेल’ हे तत्त्व म्हणतात. नुकसानीची पाहणी केली ती आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने. साफसफाईचा खर्च ठरला ३७.३८५ कोटी रुपये. कंपन्यांनी अर्जावर अर्ज करून पैसे भरायचं टाळलं. शेवटी २०११ च्या जुलैत न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ पासून वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट रक्कम भरायला सांगितलं. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, आकडा पावणेदोनशे कोटींच्या घरात जातो. आणि हे सगळं ३७५ टन मालासाठी!

दुसरं उदाहरण भोपाळचं. डिसेंबर १९८४ ची वायुगळती सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला आणि पीथमपूरला तो जाळून संपला त्याच वर्षीच्या मध्यावर. चाळीस वर्षं! तीही फक्त गोळा करून ठेवलेल्या कचऱ्याची गोष्ट. आवारातल्या मातीचा आणि खालच्या पाण्याचा प्रश्न त्याहून वेगळा.

जमीन विकली म्हणजे सुटलो का?

अमेरिकेत नायगारा फॉल्स गावात हूकर केमिकल कंपनीने एका जुन्या कालव्यात हजारो टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. वर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. १९७८ साली तळघरांतून रसायनं वर येऊ लागल्यामुळे आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. हे ‘लव्ह कॅनॉल’ प्रकरण. त्याच्यामुळे १९८० साली तिकडे ‘सुपरफंड’ कायदा आला.

आपल्या जिल्ह्यातही कारखान्यांच्या जमिनी हात बदलतात. रसायनीची हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालची. तिचे तिथले तोट्यातले प्रकल्प बंद करायचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचा निर्णय केंद्राने २०१७ साली घेतला. तिथली माती बिघडली आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच, की कारखान्यालाही आयुष्य असतं. जमीन मात्र पुढच्या मालकाकडे, पुढच्या पिढीकडे जाते. सात-बारावर बोजा लिहिलेला असतो, मातीत काय मुरलंय ते लिहिलेलं नसतं. म्हणून विकणाऱ्याने माती आणि भूजल तपासून अहवाल द्यावा आणि घेणाऱ्याने तो मागावा, हा साधा व्यवहार आहे. सेकंडहँड बाइक घेतानाही आपण इंजिन उघडून बघतोच की!

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र या बाबतीत तसा पुढे होता. राज्याने १९६९ सालीच जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि भोपाळनंतरचा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक धंदा करणाऱ्याला ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. नुकसान झालं की भरपाई द्यायचीच. पुढे २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरण आलं.

घातक कचऱ्याचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांत दोन गोष्टी ठळक आहेत. एक, घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवायचा नाही. दोन, त्याच्यामुळे पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर कारखान्याचा ‘ऑक्युपायर’, म्हणजे भोगवटादार, जबाबदार.

यात एक तिढा आहे. २०२४ च्या एप्रिलपासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंडाची तरतूद आली. पंधरा लाख ऐकून एखादा मालक म्हणेल, ‘हात्तिच्या, एवढंच ना!’ पण थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रदूषण नियंत्रण मंडळं बिघडलेलं पूर्ववत करण्यासाठी भरपाईही वसूल करू शकतात. म्हणजे दंड वेगळा आणि साफसफाईचं बिल वेगळं. खरा फटका दुसऱ्याचा असतो.

आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम काढले. त्यांची रीत थोडक्यात अशी : जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. संशय टिकला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. जागा दूषित ठरली तर ती जाहीर करायची आणि तिथे वावर रोखायचा. तज्ज्ञ संस्थेने सफाईचा आराखडा करायचा. दरम्यान जबाबदार कोण ते मंडळाने ९० दिवसांत ठरवायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार माणूस सापडलाच नाही किंवा त्याच्याकडे पैसे नसले तर खर्च केंद्र आणि राज्य सरकारवर, म्हणजे शेवटी तुमच्याआमच्या खिशावर. एक उणीव मात्र आहे. जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत साफ झालीच पाहिजे, याची मुदत घातलेली नाही.

मग कंपनीने करायचं काय?

यातल्या बऱ्याच गोष्टी रॉकेट सायन्स नाहीत. ओरलला विचारलं तर आपण घडाघडा सांगू अशाच आहेत :

१) टाकीभोवती डाइक. सगळ्यात मोठी टाकी पूर्ण फुटली तरी माल आत मावला पाहिजे, वर दहा टक्के जागा जास्त. आणि डाइकचा व्हॉल्व्ह एरवी बंद! पावसाचं साठलेलं पाणी काढायला उघडला आणि तसाच राहिला, तर डाइक असून नसल्यासारखी.

२) ड्रम कधीही उघड्या मातीवर ठेवायचे नाहीत. खाली आम्लाला टिकेल अशी फरशी किंवा कोटिंग, वर छप्पर, कडेला गटार आणि गटाराचं तोंड खड्ड्यात, नाल्यात नाही.

३) पावसाच्या पाण्याची गटारं आणि सांडपाण्याच्या लाइनी वेगळ्या. पहिल्या पावसाचं पाणी आवार धुऊन आणतं, ते अडवून तपासून मगच सोडायचं.

४) जमिनीखालच्या लाइनी आणि टाक्या शक्य तितक्या वर आणायच्या. जे डोळ्यांना दिसतं त्याची गळती लवकर सापडते.

५) सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे सी.ई.टी.पी.कडे, पाठवण्याआधी स्वतःची प्राथमिक प्रक्रिया. सी.ई.टी.पी.त खरं काम जिवाणू करतात. एखाद्याने रात्री गुपचूप सॉल्व्हंटचा किंवा आम्लाचा लोट सोडला की जिवाणू मरतात आणि मग सगळ्यांचंच पाणी कच्चं बाहेर पडतं. एकाने केलेली चूक साऱ्या वसाहतीच्या नावावर जाते.

६) घातक कचरा अधिकृत ठिकाणीच. रायगडात तळोज्याला अशी सामायिक सोय आहे. गाडीबरोबर मॅनिफेस्ट जातं, त्याची पोचपावती परत आली की नाही ते बघायचं. स्वस्तात ‘घेऊन जातो’ म्हणणारा टँकरवाला तो माल रात्री कुठल्या नाल्यात ओततो, हे न विचारणं म्हणजे अर्धा गुन्हा कबूल करणंच.

७) आवाराच्या कडेला निरीक्षण विहिरी. भूजलाच्या उताराच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला दोन-तीन. वर्षातून निदान दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, नमुने.

८) कारखाना बंद करायचा आराखडा आणि त्यासाठी बाजूला काढलेले पैसे. टाक्या रिकाम्या करणं, ई.टी.पी.चा गाळ काढणं, माती तपासणं, हे सगळं शेवटचा कामगार जायच्या आत व्हायला हवं.

‘छोट्या कंपनीला हे परवडत नाही’, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. म्हणून तर सी.ई.टी.पी., सामायिक कचरा केंद्र अशा सोयी निघाल्या. पण वरच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींना पैशापेक्षा शिस्त लागते. व्हॉल्व्ह बंद ठेवायला किती खर्च येतो?

एकदा बिघडली तर?

जमीन साफ करता येत नाही असं नाही, पण वेळ आणि पैसा फार लागतो. आधी तीन गोष्टी शोधायच्या : विष कुठे आहे, ते कुठल्या वाटेने जातं आणि शेवटी कुणाच्या विहिरीत, शेतात किंवा पोटात पोचतं. यातला एक दुवा तोडला तरी धोका कमी होतो. माती थोडी असेल तर खणून अधिकृत ठिकाणी नेतात. उडणारी रसायनं असतील तर जमिनीतून हवा ओढून काढतात. भूजल पंपाने उपसून प्रक्रिया करतात, पण हे काम वर्षानुवर्षं चालतं. काही ठिकाणी जिवाणूंना हवा आणि खाद्य देऊन त्यांच्याकडूनच तेलकट रसायनांचा फडशा पाडतात. धातू असतील तर सिमेंटसारख्या पदार्थात बांधून ठेवतात किंवा वर अभेद्य थर घालून पाणी शिरू देत नाहीत. सिव्हिल, केमिकल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सगळ्या ब्रँचना यात काम आहे. नवे नियम आल्यावर या कामाला मागणी वाढेल, तेव्हा प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर विचार करा.

आपली सही

शेवटी आपल्यावरच येतो. समजा, तुम्ही ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागलात. रात्रपाळी आहे, बाहेर धो धो पाऊस. सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरलीय. फोरमन तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तो म्हणतो, ‘साहेब, सोडून देऊ नाल्यात, पावसात कुणाला कळतंय? लॉगबुकवर सही तेवढी करा.’ त्या क्षणी कुठलाही कायदा तुमच्या शेजारी उभा नसतो. मंडळाचा अधिकारी झोपलेला असतो. नदी, जमीन आणि खालच्या गावातली विहीर यांच्या बाजूने तिथे एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे तुम्ही.

अशा वेळी ‘नाही’ म्हणणं सोपं नाही, मला मान्य आहे. नोकरी नवीन, घरी पैसे पाठवायचे असतात. पण ‘नाही’ म्हणायची सोय आधीच करून ठेवता येते. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा : टाकी भरली तर जादा साठवायची जागा कुठली? प्लांटचा लोड कमी करायचा अधिकार रात्री कुणाला? फोन कुणाला करायचा? उत्तर मिळालं नाही तर लेखी विचारा. पावसाळ्याआधी टाकी अर्धी रिकामी ठेवायची आठवण द्या. ज्या कारखान्यात हे प्रश्न दिवसा विचारले जातात, तिथे तो फोरमन रात्री नाल्याचं नाव काढत नाही.

पुढच्या वेळी कोलाडला बोटीतून उतराल तेव्हा घाई नसेल तर पाच मिनिटं काठावर थांबा. ते पाणी अजून धाटावला, रोह्याला, खाडीतल्या कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत जायचं आहे. चार वर्षांनी त्याच वाटेवरच्या एखाद्या लॉगबुकात तुमची सही असेल. ती कशी असावी, ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.